टिंबाएवढी चूक

नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवार-रविवारी जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांची मोर्सची सर्वांत मोठी स्पर्धा भरते. तिचे नाव ‘सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स’. जागतिक प्रमाणवेळेनुसार शनिवारच्या शून्य वाजता ती सुरू होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, आणि अठ्ठेचाळीस तासांनी, सोमवारी पहाटे साडेपाचलाच संपते. पाच वाजून एकोणतीस मिनिटांपर्यंत जो चाळीस मीटरचा पट्टा बऱ्यापैकी शांत असतो, त्यावर पुढच्या मिनिटाला बोट ठेवायला जागा उरत नाही. डायल केसभर फिरवली की एक नवा स्वर, अजून केसभर फिरवली की दुसरा. कुणी जपानातून हाक मारतो आहे, कुणी युक्रेनमधून, कुणी कॅरिबियन बेटावरून. प्रत्येकाची हाक एकच: मी अमुक, कुणी आहे का? जो उत्तर देतो त्याच्याशी दहा-पंधरा सेकंदांची देवाणघेवाण होते, नोंद होते, आणि हाक पुन्हा सुरू होते.

या अंकासाठी ‘ऐकणे’ हा विषय संपादकांनी दिला तेव्हा संगीत, कीर्तन, आकाशवाणी हे मार्ग समोर होतेच. या लेखासाठी मुद्दाम हे क्षेत्र निवडले, कारण इथे ऐकण्याची अक्षरशः तपासणी होते. तुम्ही काय ऐकले हे तुम्ही लिहून देता आणि पलीकडच्याने काय पाठवले होते ते तो लिहून देतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले जातात. माणसाने बरोबर ऐकले की नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा देणारे व्यवहार फार थोडे आहेत. आणि तो पुरावा पाहता एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते: चुका बहुतेक वेळा कान कमी पडल्यामुळे होत नाहीत, मन घाई करून जागा भरते म्हणून होतात.

नवीन असते ते एवढेच

स्पर्धेच्या एका संपर्कात नेमके काय पाठवले जाते? स्वतःचे कॉलसाइन (केंद्राची परवान्यातली ओळख), समोरच्याचा सिग्नल कसा येतो आहे त्याचा आकडा, आणि आपला विभाग क्रमांक. सिग्नलचा आकडा प्रथेने नेहमीच ५९९ असतो, समोरचा कितीही क्षीण ऐकू येत असला तरी. मोर्समध्ये नऊ हा अंक लांबलचक, चार रेघा आणि एक टिंब. म्हणून त्याच्या जागी एक रेघ एक टिंब एवढेच असलेले ‘एन’ अक्षर पाठवून काम भागवतात. विभाग म्हणजे जगाचे पाडलेले चाळीस तुकडे. भारत बाविसाव्यात येतो (अंदमान मात्र सव्विसाव्यात). आता, समोरचा भारतीय आहे हे एकदा कळले की बावीस हा आकडा तुम्हाला आधीच ठाऊक असतो. नोंदीची संगणक-प्रणाली तो स्वतःहून भरून ठेवते. अमेरिका आणि रशियासारख्या पसरलेल्या देशांचा अपवाद सोडला तर विभाग कॉलसाइनवरूनच कळतो.

म्हणजे त्या दहा-पंधरा सेकंदांत खऱ्या अर्थाने नवीन, आधी माहीत नसलेली गोष्ट एकच असते, ती म्हणजे समोरच्याचे चार ते सहा अक्षरांचे कॉलसाइन. बाकी सगळा शिष्टाचार. कॉलसाइन चुकले तर तो संपर्क घडलाच नाही, असे मानण्यात काही कठोरपणा नाही, ते वर्णन तंतोतंत आहे. भाषेत असे होत नाही. तारेत ‘उद्या सकाळी पोहोचतो’ मधले एखादे अक्षर गळाले तरी तारमास्तर ते भरून काढत असे आणि बहुधा बरोबर भरत असे, कारण वाक्य स्वतःच साक्ष देते. कॉलसाइनला अशी साक्ष नसते. पहिली एक-दोन अक्षरे देश सांगतात, मग अंक, मग एक ते तीन अक्षरे. त्या शेवटच्या अक्षरांत काहीही असू शकते. ‘टी’ नंतर ‘एच’ येण्याची शक्यता जास्त, असला कोणताही आधार नाही.

हंगेरीचे लिबिया कसे होते

मोर्सचे सगळे माप टिंबाच्या लांबीवर बसवलेले आहे. रेघ तीन टिंबांची, अक्षराच्या आतली फट एका टिंबाची, दोन अक्षरांमधली तीन टिंबांची, दोन शब्दांमधली सात टिंबांची. मिनिटाला तीस शब्द हा स्पर्धेतला अगदी सर्रास वेग. त्या वेगाला एक टिंब चाळीस मिलिसेकंदांचे असते. ‘एच’ म्हणजे चार टिंबे, पाचचा अंक म्हणजे पाच टिंबे. दोहोंतला फरक एक टिंब आणि एक फट, मिळून ऐंशी मिलिसेकंद, सेकंदाचा जवळपास बारावा भाग.

आता हा फरक नकाशावर ठेवून पाहा. हंगेरीची कॉलसाइन ‘एचए’ने सुरू होतात. एक टिंब जास्त ऐकले तर ‘५ए’, म्हणजे लिबिया. सौदी अरेबियाचे ‘एचझेड’ एका टिंबाने केनियाचे ‘५झेड’ होते. स्वित्झर्लंडच्या ‘एचबी’चे सायप्रसचे ‘५बी’ होते. ‘व्ही’ म्हणजे तीन टिंबे एक रेघ आणि चार म्हणजे चार टिंबे एक रेघ. त्यामुळे ऑस्ट्रेलियाचे ‘व्हीके’ अझरबैजानचे ‘४के’ होऊ शकते. ‘बी’ आणि सहा यांतही एकाच टिंबाचे अंतर, म्हणून चीनचे ‘बीवाय’ आणि जमैकाचे ‘६वाय’ शेजारी राहतात. टिंबाचाच नव्हे, फटीचाही घोटाळा होतो. तुर्कस्तानचे ‘टीए’ म्हणजे एक रेघ, मग फट, मग टिंब-रेघ. पाठवणाऱ्याने फट आवळली की उरते रेघ-टिंब-रेघ, म्हणजे ‘के’, आणि ‘के’ म्हणजे अमेरिका.

यातली मेख अशी की स्पर्धेत दुर्मीळ देशाला जास्त मोल आहे. एकूण गुणांना तुम्ही गाठलेल्या देशांच्या आणि विभागांच्या संख्येने गुणले जाते, आणि ते प्रत्येक पट्ट्यावर स्वतंत्र. त्यामुळे हंगेरीची विसावी नोंद आणि लिबियाची पहिली नोंद यांत फार फरक. चूक होते तेव्हा ती बहुतेकदा हव्याहव्याशा दिशेने होते. संशयाचे टिंब कोणत्या बाजूला मोजायचे, हे ठरवताना मनाला आपला फायदा दिसत असतो.

आपल्या स्वतःच्या कॉलसाइनची गोष्ट तर वेगळी सांगायला हवी. बहुतेक भारतीय हौशी केंद्रांच्या कॉलसाइनची सुरुवात ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ने होते. कानाला हे डिडिडिडा, डिडिडा, डिडिडाडाडा असे येते. तिन्ही चिन्हे टिंबांनीच सुरू होतात, आणि टिंब हाच मोर्समधला सर्वांत नाजूक भाग. पहिले टिंब गेले की ‘व्ही’चा ‘यू’ होतो, आणि ‘यूयू’ ही युक्रेनच्या वाट्याची मालिका आहे. हे टिंब जायला आयनांबर लागतोच असे नाही. की दाबल्यावर पॉवर अॅम्प्लिफायरचा रिले ग्रहणावरून प्रक्षेपणावर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात पहिल्या टिंबाचा लचका तुटतो. ऑपरेटरच्या स्वतःच्या कानावर येणारा स्वर मात्र रेडिओच तयार करून देतो, तो अखंड असतो. त्यामुळे आपले अर्धे अक्षर घरातच राहते आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

बोल आणि अक्षर

मोर्स शिकणारा माणूस टिंबे मोजत असेल तर तो मिनिटाला दहा शब्दांच्या आसपास अडकून बसतो. तबला शिकणाऱ्याला ‘तिरकिट’ चार सुट्या आघातांसारखे ऐकू येत राहिले तर तो लयीत बसत नाही. तो एक बोल म्हणूनच यावा लागतो. मोर्सचेही तसेच. १९३०च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने शिकवण्याची जी पद्धत मांडली ती याच जाणिवेवर उभी आहे: सुरुवातीपासून अक्षर पूर्ण वेगातच ऐकवायचे, फक्त दोन अक्षरांपासून सुरुवात करायची आणि ती पक्की झाली की तिसरे. आज मोर्स शिकवणारी बहुतेक साधने तिचाच आधार घेतात.

त्याही आधी, १८९७ आणि १८९९ मध्ये, विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी अमेरिकेतल्या तारवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. शिकाऊ माणसाचा ऐकण्याचा वेग काही काळ वाढतो, मग बरेच दिवस तिथेच थांबतो, आणि नंतर अचानक पुन्हा चढतो, असे त्यांना आढळले. थांबण्याच्या काळात मन अक्षरांवरून शब्दांवर, शब्दांवरून वाक्यखंडांवर जाण्याची तयारी करत असते, अशी त्यांची मांडणी. मुरलेला तारवाला अक्षरे ऐकतच नाही, शब्द ऐकतो, आणि लिहिताना तो प्रत्यक्ष आवाजाच्या कित्येक शब्द मागे असतो.

कॉलसाइन घेणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. शब्द ऐकण्याची जी सवय वर्षानुवर्षे कमावली, तीच त्याला इथे दगा देते. ‘सीक्यू’, ‘टेस्ट’, ‘५९९’ हे तो एका घासात ऐकतो आणि ते योग्यच आहे. पण कॉलसाइन आले की त्याने एक पायरी खाली उतरून पुन्हा अक्षरे ऐकायला हवीत, सगळी अक्षरे डोक्यात धरून ठेवायला हवीत, आणि पूर्ण होईपर्यंत त्यांचा ‘शब्द’ होऊ देता कामा नये. तास-दोन तास हे जमते. रविवारच्या मध्यरात्री, चाळीसहून अधिक तासांच्या जागरणानंतर, मन त्या पायरीवर उतरायला नकार देते. पहिली तीन अक्षरे ओळखीची निघाली की उरलेली ते स्वतःच पुरवते. ऐकणाऱ्याला वाटते आपण ऐकले; प्रत्यक्षात त्याने आठवलेले असते.

या कौशल्याच्या सरावासाठी ‘रुफ्झ’ नावाची एक संगणक-प्रणाली जगभर वापरली जाते. ती पन्नास कॉलसाइन ऐकवते. एक बरोबर आले की पुढचे थोडे जलद, चुकले की पुढचे थोडे सावकाश. जलद तारायंत्रणाच्या जागतिक स्पर्धांमध्ये ती एक स्वतंत्र प्रकार म्हणून घेतली जाते आणि तिथले अव्वल खेळाडू ज्या वेगाला कॉलसाइन घेतात तो वेग सामान्य कानाला नुसती घरघर वाटते. पण तिथला आवाज स्वच्छ असतो. आभाळातून येणारा तसा नसतो.

वीस जण एकदम

समजा एखादे केंद्र कॅरिबियनमधल्या बेटावर आहे आणि युरोपला पट्टा खुला झाला आहे. हाक संपताक्षणी वीस-तीस केंद्रे एकाच वेळी, जवळजवळ एकाच कंप्रतेवर आपापले कॉलसाइन पाठवतात. याला पाइलअप म्हणतात. नवख्याला हा नुसता कलकलाट वाटतो. मुरलेल्या कानाला त्यात थर दिसतात: एक स्वर किंचित वर, एक किंचित खाली, एक जाड, एक कापरा, एकाने अर्धा सेकंद उशिरा सुरुवात केली म्हणून त्याची शेपटी बाकीच्यांच्या बाहेर राहिली. समारंभातल्या गलक्यात माणूस एकाच आवाजाचा धागा कसा पकडून ठेवतो, यावर कॉलिन चेरी या संशोधकाने १९५३ मध्ये प्रयोग केले होते. पाइलअपमधला ऑपरेटर तेच करतो, फक्त त्याच्याकडे चेहरा, दिशा किंवा ओळखीचा आवाज यांपैकी कशाचीच मदत नसते. जो हुशार असतो तो हाक मारणाऱ्याच्या कंप्रतेपासून थोडे बाजूला सरकून बोलावतो, म्हणजे त्याचा स्वर वेगळा पडतो.

गर्दीतून पहिल्या झटक्यात पूर्ण कॉलसाइन क्वचितच हाती लागते. लागतात तुकडे. ‘…झेड१…’, किंवा शेवटची दोन अक्षरे. इथे दोन प्रकारचे ऑपरेटर दिसतात. एक नुसते प्रश्नचिन्ह पाठवतो. त्यावर सगळेच पुन्हा तुटून पडतात आणि कलकलाट जसाच्या तसा. दुसरा हाती लागलेला तुकडा पाठवून प्रश्नचिन्ह जोडतो. म्हणजे ज्याच्या कॉलसाइनमध्ये हा तुकडा आहे तोच बोलेल, बाकीचे गप्प. बाकीचे गप्प बसले नाहीत तरी हा ऑपरेटर त्याच तुकड्याला धरून राहतो, पूर्ण कॉलसाइन मिळेपर्यंत दुसऱ्याला घेत नाही. एकदा दोनदा असे झाले की गर्दीला कळते, इथे आरडाओरडा करून उपयोग नाही. गर्दीची शिस्त ही अशी ऐकणाऱ्याच्या अचूकपणातून तयार होते. घाईने अंदाजपंचे कुणालाही घेणाऱ्या ऑपरेटरसमोरची गर्दी तासाभरात बेफाम होते, हे कोणत्याही मोठ्या पाइलअपवर ऐकायला मिळते.

यावर ठरलेला आक्षेप असा की पुन्हा पुन्हा विचारत बसले तर वेग मरतो आणि स्पर्धा वेगाची आहे. हिशेब करून पाहू. तासाला दीडशे संपर्क हा चांगला वेग, म्हणजे संपर्काला चोवीस सेकंद. एक अक्षर पुन्हा विचारायला आणि उत्तर यायला फार तर चार सेकंद. कॉलसाइन चुकीचे लिहिले तर ते चोवीसही सेकंद वाया. म्हणजे चुकण्याची शक्यता सहात एक असेल तर विचारणे आणि न विचारणे बरोबरीत सुटते. त्याहून जास्त शंका असेल तर न विचारणे हा सरळ तोटा. आणि यात चुकीच्या नोंदीबद्दल कापला जाणारा दंड धरलेलाच नाही. तो धरला तर शंका याहून बरीच कमी असली तरी विचारणेच फायद्याचे ठरते. अव्वल ऑपरेटरांची ध्वनिमुद्रणे ऐकताना ती संथ वाटतात याचे कारण हेच. त्यांच्या हातात वेग असतो, पण निर्णयात घाई नसते.

यादीचा मोह

संगणक आल्यावर अचूकपणा वाढायला हवा होता. काही बाबतींत तो वाढलाही. पण दोन साधनांनी नव्या चुकांना जागा करून दिली, आणि त्यांच्याबद्दल मनापासून काळजी वाटते.

पहिले साधन म्हणजे ‘सुपर चेक पार्शल’ नावाची यादी. मागच्या अनेक स्पर्धांच्या लॉगमधून, म्हणजे स्पर्धकांच्या नोंदवह्यांमधून, सातत्याने दिसणारी कॉलसाइन गोळा करून ती बनते. ऑपरेटरने दोन-तीन अक्षरे टाइप केली की त्यांच्याशी जुळणारी सगळी ज्ञात कॉलसाइन पडद्यावर येतात. पूर्ण टाइप केलेले कॉलसाइन यादीत नसेल तर तसेही कळते. वरवर पाहता हे उत्तम. ‘आपण ऐकलेले यादीत नाही, एकदा तपासावे’ अशी सूचना मिळणे चांगलेच आहे. पण व्यवहारात काय होते? कानाने पाच टिंबे ऐकली, पडद्यावर चार टिंबांचे ओळखीचे कॉलसाइन दिसते आहे, गर्दी थांबलेली आहे. हात पडद्याच्या बाजूने जातो. शंका घेण्यासाठी दिलेल्या साधनाचा वापर शंका मिटवण्यासाठी होतो.

याचा फटका कुणाला बसतो? नव्या माणसाला. पुण्यात किंवा कोल्हापुरात एखाद्याला नुकताच परवाना मिळालेला आहे, ‘व्हीयू३’ असे कॉलसाइन आहे, साधा रेडिओ आणि गच्चीवर ताणलेली तार एवढीच सामग्री आहे. त्याच्या इमारतीतल्या एलईडी माळा, चार्जर, इन्व्हर्टर मिळून पट्ट्यावर एवढी खरखर पसरवतात की त्यालाच समोरचे नीट ऐकू येत नाही. त्याचा सिग्नल कॅलिफोर्नियाकडे निघाला तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो, कारण पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून तिकडचा सर्वांत जवळचा मार्ग तोच. आणि ध्रुवीय प्रदेशातल्या खळबळीने त्याचा स्वर घोगरा, फडफडता होतो. हे सगळे पार करून तो पोहोचतो. तिथल्या ऑपरेटरच्या यादीत तो नाही, पण त्याच्यासारखेच एक जुने ‘व्हीयू२’ आहे. दोनमध्ये दोन टिंबे तीन रेघा, तीनमध्ये तीन टिंबे दोन रेघा. ऑपरेटर जुने लिहून मोकळा होतो. नव्या माणसाचे गुण जात नाहीत, हे खरे. पण ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ या संपर्क पडताळणाऱ्या संकेतस्थळावर त्याच्या संपर्काची दुसरी बाजू कधीच जुळत नाही, आणि यादी ज्या लॉगमधून बनते त्या लॉगमध्ये तो येत नाही म्हणून पुढच्या वर्षीही तो यादीत नसतो. ओळखीच्यांनाच ओळखायचे, असा हा फेरा आहे.

दुसरे साधन ‘सीडब्ल्यू स्किमर’. कॅनडातल्या अॅलेक्स शोव्कोप्ल्यास यांनी २००८ मध्ये ते आणले. एका पट्ट्यावरचे शेकडो मोर्स सिग्नल ते एकाच वेळी वाचते. अशा स्किमरांचे जगभर पसरलेले जाळे हाक मारणाऱ्या केंद्रांची कॉलसाइन आणि कंप्रता सतत प्रसृत करत असते. ‘साहाय्यित’ गटातल्या स्पर्धकांना ते वापरायची मुभा आहे. अभियांत्रिकी म्हणून ते थोर आहे, यात वाद नाही. पण यंत्रही टिंब चुकते. क्षीण सिग्नल, विजांचा कडकडाट, पाठवणाऱ्याचा ओढाताणीचा हात, काहीही कारण होते आणि पडद्यावर एक नसलेले कॉलसाइन उमटते. मग काय होते ते पाहण्यासारखे आहे. कित्येक स्पर्धक त्या नोंदीवर टिचकी मारतात, रेडिओ तिथे जाऊन बसतो, ते आपले कॉलसाइन पाठवतात, उत्तर येते, आणि पडद्यावरचे चुकीचे कॉलसाइन जसेच्या तसे लॉगमध्ये जाते. समोरचा दर अर्ध्या मिनिटाला स्वतःचे खरे कॉलसाइन पाठवत होता. ते कुणी ऐकलेच नाही. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी स्वतंत्रपणे एकच चूक करावी, असे कानाने कधी घडत नाही. ते डोळ्याने घडते.

म्हणून साधने नकोत, असे म्हणणे नाही. केनियाची कॉलसाइन बहुतेक ‘५झेड४’ने सुरू होतात हे ज्याला माहीत आहे, तो ‘५झेड१’ ऐकल्यावर थबकतो. यादीही तेच करते. ज्ञान आणि यादी यांचा उपयोग थबकण्यापुरता व्हावा. थबकल्यानंतरचे उत्तर मात्र आभाळातूनच यायला हवे.

लॉग शेजारी ठेवल्यावर

स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांत लॉग पाठवायचा असतो. त्या पाच दिवसांत कॉलसाइन दुरुस्त करता येत नाहीत. ध्वनिमुद्रण ऐकून, याद्या चाळून, मित्राला ईमेल करून, कोणत्याही मार्गाने नाही; नियमात ते स्पष्ट लिहिलेले आहे. जे त्या क्षणी लिहिले तेच. वरच्या क्रमांकांसाठी लढणाऱ्या एकट्या स्पर्धकांनी संपूर्ण स्पर्धेचे ध्वनिमुद्रण करून ठेवणे मात्र बंधनकारक असते, कारण परीक्षक ते मागू शकतात.

मग सगळे लॉग एकमेकांशी पडताळले जातात. तुमच्या प्रत्येक नोंदीची जोड समोरच्याच्या लॉगमध्ये शोधली जाते. वेळ आणि पट्टा जुळतो पण कॉलसाइनमध्ये एका अक्षराचा फरक आहे, तर तुम्ही चुकीचे ऐकले. समोरच्याच्या लॉगमध्ये तुम्ही नाहीच, तर तुम्ही ज्याला संपर्क समजलात तो त्याच्या लेखी झालाच नाही. हजारो लॉगमध्ये फक्त तुमच्याच लॉगमध्ये सापडणारे कॉलसाइन असेल तर त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. चुकीच्या कॉलसाइनचा संपर्क तर जातोच, शिवाय त्याच्या गुणांच्या पटीत दंड कापला जातो. प्रत्येकाला आपल्या चुकांचा अहवाल मिळतो: तुम्ही हे लिहिले, खरे हे होते.

छंदाच्या मानाने हा दंड जाचक आहे, त्याने नवखे लोक पळतील, असे म्हणणारे आहेत. पण दंडाचा भार प्रत्यक्षात कुणावर पडतो ते पाहिले पाहिजे. नवखा माणूस सहसा हाक मारत बसत नाही. तो पट्ट्यावर फिरतो आणि हाक मारणाऱ्यांना उत्तर देतो. हाक मारणारा पुन्हा पुन्हा तेच कॉलसाइन पाठवत असतो, त्यामुळे नवख्याला ते तीनदा, पाचदा, हवे तितक्यांदा ऐकून खात्री करूनच बोलता येते. त्याला घाई कुणी केलेली नाही. एकदाच ऐकून निर्णय घ्यायची वेळ येते ती गर्दीसमोर बसलेल्या वेगवान ऑपरेटरवर, आणि दंड मुख्यतः त्याच्या अंदाजांवर बसतो. दंड नसता तर शंका असेल तिथे काहीतरी लिहून टाकणे हेच शहाणपण ठरले असते. दहा अंदाजांतले चार बरोबर आले तरी कमाई. म्हणजे नियमाने न ऐकणाऱ्यालाच बक्षीस दिले असते. आजचा नियम ‘मला कळले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणणाऱ्याच्या बाजूने आहे. ते फार मोलाचे वाटते.

यंत्र अचूक आहे, मग मोर्स कशाला

आणखी एक आक्षेप मुळावरच येतो. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी ‘एफटी८’ ही अंकीय पद्धत आणली. टेलर हे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. या पद्धतीत पंधरा सेकंदांच्या खिडकीत ७७ बिटांचा संदेश जातो; कॉलसाइन २८ बिटांत बसवलेले असते. पण हवेत पाठवले जातात १७४ बिट. उरलेले सगळे चूक ओळखण्यासाठी आणि सुधारण्यासाठी. परिणामी, कानाला ऐकूही न येणाऱ्या सिग्नलमधून पूर्ण कॉलसाइन मिळते, किंवा मग काहीच मिळत नाही. हंगेरीचे लिबिया होण्याची भीती जवळपास नाही. भारतात तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परवान्यासाठी मोर्स सक्तीचे ठेवण्याचे आंतरराष्ट्रीय बंधन तर २००३ मध्येच उठले. मग टिंबाला एवढे का जपायचे?

या आक्षेपातला तांत्रिक भाग पूर्णपणे मान्य आहे. निरोप पोहोचवणे एवढाच हेतू असेल तर एफटी८ सरस आहे. पण त्या पद्धतीत जी साक्ष संदेशातच बांधलेली असते ती मोर्समध्ये दोन माणसांना मिळून उभी करावी लागते. अर्धवट ऐकलेले कॉलसाइन ही अवस्था एफटी८मध्ये अस्तित्वातच नाही. मोर्समध्ये बहुतेक संपर्क त्या अवस्थेतून जातात. ‘इतके कळले, इतके नाही’ हे स्वतःशी नेमके ठरवणे, तेवढेच समोरच्याला सांगणे, त्याने नेमका तेवढाच भाग पुन्हा देणे, हे करण्याची संधी ज्या खेळात तासाला दीडशे वेळा येते त्याची उपयुक्तता तारखात्याच्या आयुष्यावर अवलंबून नाही. धावण्याच्या शर्यती मोटार आल्यावरही राहिल्या, कारण त्यांचा विषय अंतर कापणे हा नव्हताच.

पाठवणाऱ्याचा वाटा

आतापर्यंत सगळा भार ऐकणाऱ्यावर टाकला. तो अपुरा आहे. अचूक कॉलसाइन दोघांच्या हातात असते, आणि पाठवणाऱ्याने करायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. हाक मारणाऱ्याने प्रत्येक संपर्कानंतर आपले कॉलसाइन द्यावे. पाच-पाच संपर्क न देता रेटत राहिले तर लोक पडद्यावर विसंबतात आणि दोष त्यांच्या एकट्याचा राहत नाही. संथ बोलावणाऱ्याला संथ उत्तर द्यावे. समोरच्याने आपले कॉलसाइन चुकीचे पाठवले तर ‘५९९’ पाठवून मोकळे होऊ नये. आधी कॉलसाइन दुरुस्त करावे, हवे तर फक्त चुकलेले अक्षर दोनदा. आपले गुण सुरक्षित आहेत म्हणून गप्प बसणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या गप्प बसण्याने समोरच्याचा संपर्क बुडतो आणि त्यांचे स्वतःचे नाव एका लॉगमधून गळते. दुरुस्ती मिळाल्यावर हाक मारणाऱ्याने ‘आभार’ म्हणण्याआधी ते कॉलसाइन एकदा पूर्ण पाठवावे. त्याला दोन सेकंद लागतात आणि ऐकणाऱ्याला कळते की आता नोंद बरोबर झाली.

भारतीय केंद्रांना तर यात वेगळे हित आहे. जगातल्या बहुतेक स्पर्धकांना ‘व्हीयू’ हवे असते, कारण एकाच संपर्कात एक देश आणि बाविसावा विभाग दोन्ही पदरात पडतात. गर्दी आपल्याकडे वळायला तयार असते. अडते ते ‘व्ही’च्या पहिल्या टिंबाशी. बहुतेक आधुनिक रेडिओंमध्ये की दाबणे आणि सिग्नल बाहेर पडणे यांतला विलंब बदलायची सोय असते. रिले पूर्ण बसल्यावरच पहिले टिंब निघेल इतका तो वाढवता येतो. आपण ठेवलेला विलंब पुरेसा आहे की नाही हे शेजारच्या खोलीत ठेवलेल्या मोर्स ऐकवू शकणाऱ्या दुसऱ्या रेडिओवर स्वतःचे कॉलसाइन ऐकून कळते, आणि ते शुक्रवारी संध्याकाळी, स्पर्धेच्या आधीच, करून घ्यावे.